बिनपोटाचा तुडतुडा

१९६६ साली लागुना प्रांतातल्या आमच्या भात-संशोधन केंद्रात मी कीटकांची चित्रं काढत असे. भातावरचे हिरवे तुडतुडे वरून सगळे सारखेच दिसतात. जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकावरून. ते कापून, उकळून कुपीत ठेवायचं, उरलेला किडा टाचणीवर लावायचा आणि कुपीतल्या अवयवावरचे काटे पाहायचे.

आमच्या तरुण मदतनीस पेर्पेतुआला एका नरात निराळेच काटे दिसले. "ताई, ही नवी जात आहे! आता मला परदेशी शिकायला पाठवतील." ती नाचायचीच बाकी होती. पण आमचे प्रमुख, डॉक्टर माग्सिनो, यांनी आपल्या ग्रंथात दोनच जाती सांगितल्या होत्या.

त्यांनी कुपी मागून घेतली, उजेडात धरली. "यात काय आहे गं? मला तर नुसतं पाणी दिसतंय." त्यांनी ती मोरीत उपडी केली आणि वर नळ सोडला.

"डॉक्टर, एकच नर होता तो!"

"मग दुसरा पकड. रडतेस काय? तुडतुड्यांना काय तोटा?" ते हसले. "फक्त तो सापडला त्या शेतात जाऊ नकोस हं. सकाळीच फवारणी करून घेतलीय मी."

डॉक्टर सत्कार घेत निवृत्त झाले. पेर्पेतुआने केंद्र सोडून कालाम्बा शहरात शिवणकाम केलं. ती पन्नाशीतच गेली. मी चित्रं काढणं कधीच सोडलं. तो बिनपोटाचा तुडतुडा मात्र केंद्राच्या पेटीत अजून टाचणीवर आहे. खाली डॉक्टरांच्या सुबक अक्षरात लिहिलंय, 'जात ठरवता येत नाही.'