तिसऱ्या डबीतला प्लग

नोगामी-सानची छोटी गाडी गॅरेजच्या दारात आली तीच थडथडत, हिवताप भरल्यासारखी. मित्सुएनं हातातलं फडकं टाकलं. समोर खिंडीवर बर्फाचे ढग उतरत होते.

"मिसिंग करतेय," नोगामी-सान उतरता उतरता म्हणाली. वाडीवाडीला फिरणारी नर्स ती, जिभेची खमकी. "काल चढाच्या वळणावर बंद पडली. मागे लाकडाचा ट्रक. त्या बाबानं वेळेत ब्रेक दाबला म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. मित्सुए-सान, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच ना तिन्ही प्लग बदलले?"

मित्सुएनं त्या गाडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पण सर्व्हिसच्या कागदावर तिच्याच आडनावाचा लाल शिक्का होता. इकडे शिक्का म्हणजे सही, आणि तिचा शिक्का मालकाच्या खणात पडलेला असायचा. कामाला सोपं जातं म्हणे! अकरा वर्षं तो माणूस तिचं नाव वापरत होता आणि अकरा वर्षं ती मान डोलवत होती.

मालक कुरोइवा चहाचा पेला घेऊन बाहेर आला. हसला. "नवा प्लगही कधी कधी फसवा निघतो हो. मित्सुए, बघ जरा." डोळ्यांनी मात्र म्हणाला, मिटव.

"बारा वाजता पलीकडच्या वाडीत आंधळ्या म्हातारीला इन्सुलिन टोचायचंय," नोगामी-सान म्हणाली. "वाजलेत साडेनऊ. काय ते खरं सांगा."

मित्सुएनं बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून पहिल्या प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची वायर काढली. गाडी जास्तच गचकली. म्हणजे तो सिलिंडर जिवंत. वायर लावली, दुसरी काढली. पुन्हा गचके. तिसरी काढली.

काहीच नाही. मेलेल्याला चिमटा काढल्यासारखं.

तिसरी कॉइल पहिल्या जागी लावली, पहिली तिसऱ्या जागी. तरी मेलेला तो तिसराच सिलिंडर. कॉइल निर्दोष. उरला प्लग, आणि तो हवेच्या मोठ्या पाइपाखाली दडलेला.

"इंजिन निवू दे," ती म्हणाली. "गरम असताना पाना लावला तर आटे जातील."

निवेपर्यंतचा अर्धा तास कुणाला सरता सरेना. नोगामी-सान घड्याळ बघत येरझारा घालत होती. कुरोइवा मित्सुएच्या कानाशी आला.

"तो पाइप काढायला तास जातो. ठरल्या पैशात तीन कोण बदलतं? दोन बदलले की गाडी पळते."

"मेली असती ती, मालक."

"मेली का?"

मित्सुएनं त्याच्याकडे पाहिलं. चहा पीत होता.

"बाईमाणसाला कुठलं गॅरेज दारात उभं करत नव्हतं, तेव्हा मी घेतलं तुला. विसरू नकोस. आणि शिक्का तुझा आहे. बोललीस तर बुडशील तूच."

तिनं पाइप काढला. प्लगवर पाना बसवून जोर दिला. कटकन आवाज झाला आणि तिनं हात थांबवला. पण आटे शाबूत होते, सुटला होता तो नुसता गंज. प्लग बाहेर आला: टोक झिजून गोल, पांढऱ्या चिनीमातीला तडा, बुडाशी वर्षानुवर्षांचा गंज.

"पंधरा दिवसांत गंजतो होय?" नोगामी-साननं पर्समधून तीन डब्या काढल्या. "आणि काढलेले जुने प्लग तर मालकांनी मला दिलेत. तीन. मोजा."

"फेकून द्यायचा भंगार तो," कुरोइवा घाईनं म्हणाला.

मित्सुएनं तिसरी डबी उघडली. आतला प्लग चांगलाच जाड. तिनं तो मोकळ्या भोकावर नेऊन टेकवला. आत जाईचना. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता तो.

कुरोइवानं चहाचा पेला खाली ठेवला.

"नोगामी-सान," मित्सुए तो प्लग डबीत परत टाकत म्हणाली, "मी तुमची गाडी त्या दिवशी पाहिलीसुद्धा नाही. शिक्का माझा, हात माझा नव्हता. पण शिक्का दुसऱ्याच्या खणात ठेवला मी, तेवढा गुन्हा माझा."

"उद्या येऊ नकोस," कुरोइवा म्हणाला.

"आज आहे ना मी?"

नवा प्लग तिनं आधी बोटांनी फिरवत बसवला, मग पान्यानं बेतानं आवळला. पाइप चढवला. चावी फिरवली. इंजिन एका सुरात लागलं. इंजिनावर ठेवलेल्या नव्या प्लगच्या रिकाम्या डबीला धक्कासुद्धा बसेना.

मग ती ऑफिसात गेली आणि मालकाचा खण उघडला. सर्व्हिसच्या कागदावर लिहिलं: मागच्या वेळी दोनच प्लग बदलले होते. तिसरा आज बदलला. तारीख घातली आणि शिक्का इतका दाबला की खालच्या कागदावरही वळ उठला.

शिक्का खिशात टाकला.

नोगामी-साननं कागद वाचून घडी घातली. "बारानंतर येते. मालकांशी बोलायचंय. तुम्ही थांबाल?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी चढाला लागली. मित्सुए दारात उभी राहून ऐकत होती, पहिलं वळण, दुसरं, आणि तिसऱ्या वळणाला आवाज डोंगराआड गेला, तरी ती हलली नाही.