बारा लाल नाकं

दिघोरीच्या सेवकरामला कुणी फसवलं, असं साठ वर्षांत गावात कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते घरातच, नऊ वर्षांच्या नातीनं, टीनानं.

मागच्या महिन्यात त्यानं टीनाच्या काचेच्या पेटीसाठी भंडाऱ्याहून आठ निळे मासे आणले. दुकानात ते एका दोरीत ओवल्यासारखे फिरत होते. घरी चौथ्या दिवशी आठांची आठ दिशांना तोंडं. टीना म्हणाली, "आबाजी, तुमाले फसवलं त्यानं."

ते बोलणं पुसून काढायला तो पुन्हा दुकानात उभा होता. दुकानदार प्रविण मोठा गोड माणूस, म्हणजे जपून राहण्याजोगा.

"पाहा काकाजी, कशी पलटण चालली निळ्यांची."

सेवकराम शेजारच्या काचेकडे पाहत होता. तिथं पंज्याएवढा एक मासा बारक्यांवर डोळा ठेवून होता. तलावात मरळ फिरली की बारीक मासे असेच गोळा होतात, हे त्याला दुकानदारानं शिकवायची गरज नव्हती. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून दोन काचांच्या मधे सोडला.

"हे काय करून राहिले?"

"तुह्या जमादाराले झाकून राहिलो."

दहा मिनिटांत पलटण सैल झाली. कुणी तळाशी, कुणी झाडामागं.

"वाघ दिसला का सारं गाव एका जागी," सेवकराम म्हणाला. "वाघ गेला का बांधावरून भांडण."

प्रविण हसला आणि त्याला आतल्या काचेपाशी घेऊन गेला. तिथं बारीक अंगाचे, लाल नाकाचे मासे होते. "हे बिनभेवाचे संग रायतात. पण बारा तरी न्या. कमी असले का बिचकतात."

'बारा तरी' ऐकून सेवकरामच्या भुवया वर गेल्या. त्यानं ती काच तिन्ही बाजूंनी झाकली, स्टूल ओढलं, प्रविणनं मागवलेला चहा वास घेऊन प्याला आणि तासभर बसला. नाकं एकदमच वळत होती. बारा घेतले.

घरी निळे आपापल्या कोपऱ्यात, आणि मधून बारा लाल नाकांची रांग. टीना खूश. सेवकराम मात्र रोज काचेला नाक लावून बसे.

"तुमी असे डोळे वटारून बसता," चुलीपासून त्याची बायको रुखमिणी म्हणाली, "भेवून संग रायत असतीन बिचारे."

झालं. आपणच मरळ असलो तर? तो अंगणात गेला आणि दाराकडं पाठ करून बसला.

"टीना, दुरून पाह्य. संग आहेत का?"

"आहेत."

"अजून मागं सर."

"सरली. संगच आहेत."

सेवकराम अर्धा उठला. स्वतः पाहिल्याशिवाय त्यानं आयुष्यात धानाचं पोतंही घेतलं नव्हतं. पण आत गेलं की मासे त्याला पाहणार. तो परत टेकला.

"मंग, फसवलं का मले त्यानं?"

"नाही, आबाजी."

उत्तर जरा लवकरच आलं, असं त्याला वाटलं. तरी तो उठला नाही.