साहेबांची आवडती भाजी

नऊ वेळा निवडून आलेले आमदारसाहेब बोलायला उभे राहिले की सभागृहातली निम्मी मंडळी चहाला उठायची. शोकप्रस्तावावर मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचं गुपित साधं होतं. बाकीचे गेलेल्या सदस्याची पदं आणि समित्या वाचून दाखवत. साहेब आदल्या दिवशी त्याच्या घरी फोन करून विचारत, त्यांना जेवणात काय आवडायचं? एकटे असले की काय गुणगुणायचे?

त्या दिवशी प्रस्ताव होता त्यांच्या जुन्या विरोधकाच्या निधनाचा. त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं होतं, डॉक्टरांनी साखर बंद केली तर हे महाशय साखरेच्या पुड्या चष्म्याच्या घरात लपवत, आणि हिला काही कळत नाही असं समजत. साहेबांनी तेवढंच सांगितलं. सभागृह आधी हसलं, मग गप्प झालं. रिवाजाप्रमाणे दिवसभराचं कामकाज तहकूब झालं.

दारात एक नवखा आमदार भेटला.

"साहेब, तुमच्या वेळी असं कोण हो बोलणार?" तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"तूच बोल की. माझ्या मुलीला फोन कर, ती सांगेल सगळं."

साहेब हसले खरे, पण आमदार निवासातल्या खोलीवर पोचेपर्यंत त्या प्रश्नानं त्यांची पाठ सोडली नाही. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. बरोबरीचेही एकेक करून देवाघरी गेले होते. उरली एक मुलगी. तिलाही काही सांगता आलं नाही, तर आपल्या नावावर नऊ निवडणुका आणि सतरा समित्या, बाकी शून्य! त्यांनी तिला फोन लावला.

"बाबा? आज काही वाढदिवस नाही कुणाचा. बरे आहात ना?"

"बरा आहे गं. एक सांग. उद्या मी नसलो आणि कुणी विचारलं, तुमच्या बाबांना जेवणात काय आवडायचं, तर काय सांगशील?"

"खरं सांगू? मला नाही माहीत. तुम्ही घरी जेवलात कधी? आई रोज तुमचं ताट झाकून ठेवायची आणि सकाळी तीच भाजी माझ्या डब्यात यायची."

मग तीच जरा नरमली.

"थांबा, पेन घेते. हं, सांगा आता. काय आवडतं तुम्हाला?"

साहेब आठवू लागले. चाळीस वर्षं ज्या ज्या घरी जेवले, तिथे पहिल्याच घासाला म्हणाले होते, "वा वहिनी, ही तर माझी आवडती भाजी!" मतदारसंघात जितकी घरं, तितक्या त्यांच्या आवडी. एका घरातलं करपलेलं वांगंसुद्धा आवडीचं झालं होतं, कारण त्या घरात अकरा मतं होती. पण खरं काय आवडतं, ते काही केल्या आठवेना.

"बाबा, ऐकताय ना?"

"तुझ्या डब्यात काय असायचं गं?"

"भेंडी. आठवड्यातून चार दिवस भेंडी. वीट आला होता मला."

"मग भेंडी लिही," साहेब म्हणाले. "तुझ्या आईला माहीत असणार."