इतर भाषांची कपाटं

“मग पोरींचं काम संपलं, असं धरायला हरकत न्हाय,” असं म्हणून मानसिंगरावांनी बिस्किट चहात बुडवलं.

समोर दाक्षायणी कलशेट्टी बसल्या होत्या. सोलापुरातल्या त्या जुन्या संशोधन ग्रंथालयाच्या त्या ग्रंथपाल आणि मानसिंगराव संस्थेचे कार्यवाह. कार्यवाहांना विचारल्याशिवाय तिथं पान हलत नसे, आणि विचारलं तरी सहसा हलत नसे.

“संपलं कसं?” बाई म्हणाल्या. “पुस्तकं लावून झाली म्हणजे काम संपतं होय?”

“यादी झाली की पुरी. मी बघितली कॉम्प्युटरवर. तेलुगू म्हणा, उर्दू म्हणा, सगळं मराठीत. आता शेंबडं पोरगंबी पुस्तक काढून देईल. लई झ्याक काम केलंय पोरींनी, तसं सर्टिफिकेट देऊ की आपण.”

“आणि ईश्वरप्पांची जागा?”

ईश्वरप्पा म्हणजे संस्थेचे जुने सहायक. ते महिन्याअखेरीला निवृत्त होणार होते आणि त्यांची ती एकच कायम जागा रिकामी होणार होती. त्या जागेकडे डोळे लावून बाईंनी दोन वर्षं काढली होती.

“तिथं इंद्रजीतला घ्यायचं ठरलंय. खजिनदारांचा भाचा. आपल्यातला हाय, बघितलेला.”

“त्याला तेलुगू येतं?”

“न येऊ दे की. यादी मराठीत हाय. तुमीच करून घेतली न्हवं?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोलापूर हे चार भाषांचं गाव. एका गल्लीत मराठी बोलावं, दुसरीत कन्नड, तिसरीत तेलुगू, आणि रिक्षा ठरवताना दखनी. पण ग्रंथालयात मात्र मराठी, संस्कृत आणि इंग्रजी सोडून जे काही होतं ते मागच्या अंधाऱ्या खोलीत कपाटांत कोंबलेलं होतं आणि कपाटांवर एकच चिठ्ठी होती, ‘इतर’. तिथल्या उर्दू पुस्तकांवर संस्थेचा शिक्का नेमका शेवटच्या पानावर मारलेला. मारणाऱ्याला ते पहिलं पान वाटलं होतं, आणि नंतरच्या चाळीस वर्षांत चूक दाखवायला तिथं कुणी उर्दू वाचणारं नोकरीलाच लागलं नव्हतं. लागणार कसं? सगळा नोकरवर्ग तीन-चार घरांतला. काका गेला की पुतण्या येई, मामा गेला की भाचा. दाक्षायणीबाई दुधनीच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. त्याच मुळात तिथं चुकून शिरल्या होत्या, मुलाखतीला आलेला पुतण्या परीक्षेत नापास निघाला म्हणून.

ग्रंथपाल झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा ती चिठ्ठी काढली आणि मग माणसं आणायच्या मागे लागल्या. ज्यांची पुस्तकं आहेत त्यांच्या घरातलं माणूस इथं बसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलेजांतून हिंडल्या, बार्शीपर्यंत जाऊन आल्या, अर्ज करकरून हंगामी नेमणुकांची एक योजना मंजूर करून आणली. विडी कामगारांच्या वसाहतीतली राजेश्वरी येमुल आणि पिंजाऱ्याच्या घरातली मेहजबीन नदाफ अशा दोघी ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या मुली आल्या. मेहजबीननं पहिल्या दिवशी डबा उघडला तसे जेवणाच्या टेबलावरचे तिघे जण उठून बाहेर व्हरांड्यात गेले. बाई आपली ज्वारीची भाकरी घेऊन तिच्यासमोर जाऊन बसल्या. त्याबद्दल दुधनीच्या भावानं त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं.

यादी मराठीतही करायची, हे बाईंचंच डोकं. पुस्तक शोधायला वाचकाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, हे त्यांचं तत्त्व. राजेश्वरीनं प्रत्येक तेलुगू पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहिलं, खाली दोन ओळींत मजकूर काय आहे ते मराठीत. मेहजबीननं उर्दूचं तसंच केलं. मन लावून केलं आणि लवकर केलं. गरज सरो, वैद्य मरो.

त्या दुपारी बाईंनी दोघींना मागच्या खोलीत बोलावून सांगितलं. मेहजबीन नुसतं “अच्छा” म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली. राजेश्वरी म्हणाली, “मला ठावं हुतं, मॅडम.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पायजे? वडील मागावर हुते की माझे. बीमावरचं, म्हंजे मागाच्या रुळावरचं सूत सरत आलं की कामगाराला दिसतं. नवा बीम आणून ठेवलेला नसला म्हंजे समजायचं, माग बंद राहणार.”

“मग हळू का नाही केलंस काम?” बाईंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

राजेश्वरी जरा गोंधळली. “तुमीच म्हणला हुता की, वाचक ताटकळत राहू नये म्हणून.”

बाईंनी भांडून पाहिलं. अध्यक्षांच्या घरी गेल्या, तिथं त्यांना उत्तम उप्पीट मिळालं. राजीनामा द्यावा असं चार दिवस मनात घोळवलं आणि दिला नाही. आपण गेलो तर या खुर्चीतही कुणाचा तरी भाचा येईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. शेवटच्या आठवड्यात राजेश्वरीनं इंद्रजीतला यादी कशी बघायची ते शिकवलं. पोरगा वाईट नव्हता. ‘ताई, ताई’ करत शिकला.

पुढं पावसाळा संपता संपता पुण्याच्या एका परिषदेत दाक्षायणीबाईंचा सत्कार झाला. ग्रंथालयांत सर्व थरांतली माणसं आणण्याच्या कामाबद्दल. मानसिंगरावांनी स्वतः गाडीची सोय केली, संस्थेचं नाव होत होतं. त्या दोघी आता तिथं नाहीत, हे भाषणात ठणकावून सांगायचं असं बाई ठरवून गेल्या होत्या. पण खांद्यावर शाल पडली, लोक टाळ्या वाजवायला लागले, पडद्यावर राजेश्वरी आणि मेहजबीन कपाटांपाशी हसत उभ्या असलेला मोठा फोटो आला आणि ते वाक्य राहून गेलं. “अजून पुष्कळ करायचं आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यालाही टाळ्या पडल्या.

पेपरात बातमी आली त्याच दिवशी राजेश्वरीचा फोन आला.

“अभिनंदन मॅडम. फोटो बघितला. अम्मानं कापून ठेवलाय.”

“तू कुठं असतेस आता?”

“अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. टॉवेलच्या घड्या, पॅकिंग. बरं चाललंय. मॅडम, एक काम हुतं. घरी येता का रविवारी? फोनवर सांगण्यासारखं न्हाय.”

त्या घरी बाई पूर्वी एकदा गेल्या होत्या, राजेश्वरीला मागायला. मागायलाच म्हणायचं, मुलगी पाहायला यावं तसं सगळं झालं होतं. पोरीला तेव्हा एका पतसंस्थेत नोकरी लागत होती. आईनं सुपात विड्या वळता वळता अर्ध्या मराठीत एकच प्रश्न विचारला होता, “कायम व्हतंय का, मॅडम?” आणि बाई म्हणाल्या होत्या, “ती माझी जबाबदारी.” आता रिक्षातून उतरताना आईनं तो शब्द काढला तर काय म्हणायचं, याचीच त्या तयारी करत होत्या. आईनं तो काढला नाही. सूप बाजूला ठेवून ती उठली, सतरंजी झटकली, “बसा मॅडम” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

राजेश्वरीनं धाकट्या बहिणीला समोर बसवलं. लावण्या तिचं नाव. नुकतीच पदवीधर झालेली, डोळ्यांत मावणार नाही एवढा उत्साह.

“हिला लायब्ररीचा कोर्स करायचाय, मॅडम,” राजेश्वरी म्हणाली. “नंबर लागलाय. मी नको म्हणते तर ऐकत न्हाय. तुमचं ऐकंल.”

आपल्याला कशाला बोलावलंय, ते बाईंना आत्ता कळलं.

“अक्का रोज तिथलंच सांगत हुती की,” लावण्या म्हणाली. “ह्या पुस्तकात हे हाय, त्या पुस्तकात ते हाय. रात्री जेवताना आमाला वाचून दाखवायची. ती दोन वर्षं लई चांगली गेली म्हणते. मग मला का नको?”

“चांगली गेली म्हणूनच नको म्हणते,” राजेश्वरी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आत चहाची भांडी वाजायची थांबली.

लावण्या बाईंकडे वळली. “तुमाला कुणी नको म्हणलं न्हवतं का, मॅडम?”

म्हणाले होते. दुधनीत सगळेच म्हणाले होते. त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि ते न ऐकणं किती बरं झालं, याचं एक भाषणच बाईंना पाठ होतं. कॉलेजा-कॉलेजांतून ते केलेलं. शेवटच्या बाकावरच्या मुलीसुद्धा ते ऐकून मान वर करत. ते आत्ता अगदी ओठांवर आलं. लावण्या त्यासाठीच थांबली होती. राजेश्वरी बहिणीकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. घड्या घालून घालून तिच्या बोटांची टोकं सोलली होती.

“नको करूस,” दाक्षायणीबाई म्हणाल्या.

“खरंच म्हणताय?”

“खरंच. तुमच्यासारख्यांना तिथं कामाला बोलावतात, ठेवून घेत नाहीत. मी ठेवून घेईन म्हटलं होतं तुझ्या अक्काला. मला जमलं नाही. दुसरं काहीतरी शीक.”

लावण्या थोडा वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसली. मग उठली, भिंतीला लावलेलं आईचं सूप मांडीवर घेतलं आणि कात्रीनं विडीची पानं कापू लागली. आईनं चहा आणला. तो सगळ्यांनी प्यायला.

राजेश्वरी बाईंना सोडायला कोपऱ्यापर्यंत आली. रिक्षाला हात केला, भाडं आधीच ठरवून घेतलं, पदर आत घ्या म्हणाली.

“लई उपकार झाले, मॅडम,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. बाईंनी तो शोधून पाहिला. “महिनाभर झोप न्हवती मला. तुमी सांगितलं म्हणून ऐकली.”

इतकी वर्षं इतक्या मुलींना बाई ‘या’ म्हणत आल्या होत्या. त्याबद्दल उपकार झाले असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी राजेश्वरीच्या हातावर हात ठेवला. “येते गं,” म्हणाल्या.