छताचा चुना

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर अनेकदा बसला असाल, पण माझ्याकडे कधी पाहिलं नसेल. म्हणून माझी ओळख मीच करून देतो. मी विद्यापीठातला एक जुना जमखाना. सोलापूरच्या पूर्व भागात, हातमागावर माझा जन्म झाला. विणणारा म्हातारा तेलुगूत गुणगुणायचा आणि धागा तुटला की मागालाच दोन शब्द सुनावायचा. पुढे मी विद्यापीठात आलो आणि भाषणं ऐकत लोकांच्या पायाखाली पडून राहिलो.

मग भूगोलाच्या निवेदिता मॅडमनी ‘हवामान संवाद’ सुरू केला. व्यासपीठ नको, खुर्च्या नकोत. प्राध्यापक, कारकून, मुलं अशा सगळ्यांनी माझ्यावर गोल बसायचं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये न तोडता ऐकायचं. वाढत्या उन्हावर बोलून शेवटी आपल्या आवारात करण्याजोगं एक काम ठरवायचं. माझा तर ऊर भरून आला. पहिल्यांदाच माणसं एकमेकांशी बोलत होती.

मला अंथरायचं, गुंडाळायचं काम सुकन्याकडे होतं. जेऊरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ती मुलींच्या वसतिगृहात अगदी वरच्या मजल्यावर राहायची आणि मी तिच्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा असायचो. त्यामुळे ती जे बोलली ते खरं होतं, याचा मी साक्षीदार आहे.

"मॅडम, आमच्या डोक्यावरचा स्लॅब लई तापतोय," ती म्हणाली. "अभ्यासाला बसवत न्हाय. माजी आई दर उन्हाळ्याला पत्र्यावर चुना मारती, घर गार राहतं. परीक्षेच्या आत आमच्या छताला मारू की."

सगळ्यांना पटलं. चुन्याची पोतीसुद्धा वसतिगृहाच्या जिन्याखाली येऊन पडली. सुकन्या येता-जाता त्यांच्यावर हात फिरवायची.

तेवढ्यात बातमी आली, आपला संवाद पाहायला बाहेरून मोठे पाहुणे येणार. मग काय विचारता! आपल्याकडे झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लागल्याशिवाय स्वागत झाल्यासारखं वाटतच नाही. देखभाल विभागाचे प्रभुलिंग साहेब माणसं घेऊन आले आणि पोती उचलली. बुंधे, रस्त्याकडेचे दगड, गाड्या लावायच्या रेषा, सगळं पांढरंशुभ्र झालं. सुकन्या आडवी गेली, तर ते हसून म्हणाले, "पाहुणे जाऊ देत की. उरलेला चुना तुमच्याच छताला मारतो."

काही उरला नाही.

पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या. भर उन्हाळ्यात मॅडमना शाल पांघरली गेली आणि त्यांनी ती हसत घेतली. पुढच्या बैठकीत सुकन्याने सरळ विचारलं, "आमचा चुना बुंध्याला का गेला?" सगळ्यांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. कोणीही तिला मध्ये तोडलं नाही. मॅडम म्हणाल्या, "महत्त्वाचा मुद्दा मांडलास," आणि शेजारच्याला बोलायची खूण केली. मला त्या ऐकण्याचीच चीड आली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सुकन्याने मला दुमडून फरशीवर अंथरलं, वर बादलीभर पाणी ओतलं आणि पुस्तक घेऊन माझ्यावर बसली. मी बघता बघता वाळलो. किती वेळ मी ओल धरून ठेवणार? थोड्या वेळाने ती माझ्यावर कोसळली. अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. तिची मैत्रीण प्रियंका धावत आली म्हणून दवाखाना वेळेवर गाठता आला.

जीव वाचला. परीक्षा गेली. तिचे वडील ज्ञानबा आले, तिचं सामान बांधलं. मॅडम दारात रडत उभ्या होत्या. ज्ञानबांनी वळकटी खांद्यावर टाकली. मुलीला एवढंच म्हणाले, "चल घरला. आता हितं न्हाय राहायचं."

महिन्याभराने पुन्हा बैठक भरली. विषय होता, संवादातला तरुणांचा सहभाग का घटतोय.

मित्रांनो, मला झटका, धुवा, जपा, असं मी सांगणार नाही. मी कधीतरी विरणारच. पण तुमच्यात बसून कोणी म्हणालं, की उन्हाने जीव जातोय, तर मान डोलावत बसू नका. उठा आणि त्याच्या छतावर चढा. सुकन्याच्या खोलीत आता नवी मुलगी राहायला आली आहे. छताला अजून चुना लागलेला नाही.