किल्ली वहिनींच्या गळ्यात

मी एक जुनं, सात लिव्हरचं आणि घाबरट कुलूप आहे. हसू नका मित्रांनो. कुलूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ताठ मानेचा पहारेकरी उभा राहतो. माझे सगळे भाऊ तसेच आहेत. एक दागिन्यांच्या कपाटावर बसलाय, एक शाळेच्या फाटकावर. त्यांना कशाची भीती? चोर आलाच तर जाऊन जाऊन जाणार काय, चार वस्तू. माझं तसं नाही. मी ज्याची राखण करतो ती वस्तूच नाही. डावा गुडघा सतत कुरकुरणारी, कामात गुणगुणणारी एक बाई आहे.

माझं अंग पितळेचं. ओतून झाल्यावर एका कारागिराने मला कानस मारली, कानाशी धरून माझ्यात किल्ली फिरवली, टक् असा आवाज ऐकला आणि म्हणाला, "हे चालेल." आयुष्यातली ती पहिली शाबासकी. दुकानाच्या फळीवर बसून मी बंगल्याच्या फाटकाची स्वप्नं बघत होतो. पण मला उचललं ते साबणाच्या कारखान्यातल्या फिटरकाकांनी. त्यांनी मला लाल रंग फासला. मला वाटलं, चला, बंगला नाही तर नाही, नटवलं तरी. तो रंग नटवण्यासाठी नव्हता, धोक्याची खूण होता, हे मला नंतर कळलं.

त्या कारखान्यात साबण घोटायचं एक भलंमोठं यंत्र आहे. सगळे त्याला मिक्सर म्हणतात. माणूस उभा बुडेल एवढा खोल हौद, आणि तळाशी हातभर लांबीची दोन पाती. एक रंग संपला आणि दुसरा घ्यायचा असला की तळाला चिकटलेला साबण खरवडावा लागतो. त्यासाठी माणसाने बाहेरच्या शिडीने काठावर चढून आत उतरायचं आणि त्या पात्यांच्या मधे गुडघे टेकून बसायचं. मिक्सर चालू करायचा खटका दूर खांबावर आहे. तिथून शिडीचा पाय दिसतो, हौदाच्या आतलं काही दिसत नाही.  

फिटरकाकांनी पहिल्याच दिवशी खटका खाली ओढला, त्याच्या भोकातून माझी कडी घातली आणि मला बंद केलं. आता कुणी कितीही जोर लावला तरी खटका वर जाणार नव्हता, पाती फिरणार नव्हती. मग त्यांनी माझ्या दुसऱ्या किल्लीचे सगळ्यांसमोर करवतीने कापून दोन तुकडे केले.

"आत जो उतरेल, कुलूप त्यानंच लावायचं," ते म्हणाले. "आणि किल्ली त्याच्याच गळ्यात. मी मागितली तरी द्यायची नाही. साहेबांनी मागितली तरी नाही."

"आणि देवानं मागितली तर?" कुणीतरी खोडी काढली.

"त्याला सांगायचं, खाली येऊन थांब जरा." सगळे हसले. फिटरकाका हसले नाहीत. त्यांनी आधीच्या नोकरीत काय बघितलं होतं ते कधी सांगितलं नाही, पण मला लावताना त्यांची बोटं थरथरत. ती थरथर माझ्यात उतरली आणि मी घाबरट झालो.

आत उतरायच्या त्या वहिनी. खटक्यावर उभा राहायचा तो त्यांचा धाकटा दीर. त्या त्याला भाऊजी म्हणत, म्हणून अख्खा कारखाना भाऊजी म्हणू लागला. त्याच्या दुप्पट वयाचा रखवालदारसुद्धा. घरं वेगवेगळ्या गल्लीत, पण कामाची जोडी पक्की. वहिनी शिडीशी चपला काढत, मला स्वतः बंद करत, ओढून बघत, किल्लीचा दोरा गळ्यात घालत आणि "चला, पाताळात" म्हणत उतरत. वर आल्या की मला उघडून म्हणत, "शहाणं गं माझं." कित्येक वर्षं हे असंच चाललं. ती माझी सुखाची वर्षं. भीती तेव्हाही होती, पण किल्ली कुठे आहे हे मला ठाऊक असायचं.

मग फिटरकाका निवृत्त झाले. आणि थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी वहिनी घाईत मला न उघडताच घरी गेल्या, किल्ली गळ्यात तशीच. दुसऱ्या दिवशी लेकीला ताप, म्हणून त्या आल्याच नाहीत. अर्धा दिवस मिक्सर बंद. साहेबांनी भाऊजीला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. भाऊजी बिचारा वाईट माणूस नव्हे. त्याने आपला सोपा उपाय काढला. खांबावर, माझ्याच शेजारी, एक खिळा ठोकला.

"वहिनी, किल्ली इथं अडकवत जा. तुम्ही आत, मी इथं. आपण काय परके आहोत?"

"ते खरंच," वहिनी म्हणाल्या आणि दोरा खिळ्याला अडकवला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. मी बंद होतो, पण माझी किल्ली माझ्यापासून वीतभर अंतरावर लोंबत होती. येणारे जाणारे मला बघून म्हणत, "बघा, आमच्याकडे कसं कुलूप लावतात." मला ओरडून सांगावंसं वाटे की अहो, हे नुसतं दाखवायचं कुलूप झालंय. पण कुलपाला तोंड असतं ते किल्लीपुरतं.

मला तेल द्यायचंही कुणाला सुचेना. ते काम फिटरकाकांचं होतं. साबणात पडणाऱ्या कॉस्टिक सोड्याची वाफ आणि साबणाची पूड माझ्या पोटात साचत गेली. आणि भाऊजीने तर माझ्याकडे बघणंच सोडलं. त्याने स्वतःची एक खूण ठरवली होती. शिडीशी वहिनींच्या चपला असल्या म्हणजे वहिनी आत. चपला नसल्या म्हणजे बाहेर. निळ्या पट्ट्यांच्या, अंगठा झिजलेल्या त्या चपला. एका माणसाचा जीव त्या चपलांवर सोपवला होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी वहिनी आत उतरल्या. हिरवा साबण तळाला घट्ट बसला होता. त्यांनी ओलं फडकं तळावर पसरलं आणि तो मऊ होईपर्यंत गप्प बसून राहिल्या. खरवडण्याचा आवाज नाही, गुणगुणणं नाही. भाऊजी गोदामात सुगंधाचं पिंप आणायला गेला होता. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी धुवायला आल्या. चपला भिजतील म्हणून त्यांनी त्या उचलून खिडकीत ठेवल्या. किती मायेने ठेवल्या, एकीशेजारी एक. मी बघत होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

भाऊजी आला. त्याने शिडीच्या पायाशी नजर टाकली. चपला नाहीत.

"झालं वाटतं वहिनींचं. कुलूप काढायला विसरल्या," तो स्वतःशी म्हणाला आणि त्याने खिळ्यावरून किल्ली काढली.

ती माझ्यात शिरली तेव्हा मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या सातही लिव्हरना, म्हणजे पोटातल्या पट्ट्यांना, एकच माहीत आहे, किल्ली फिरली की उघडायचं. आम्हाला माणूस ओळखता येत नाही. त्याने किल्ली फिरवली. ती अडकली. त्याने पुन्हा फिरवली. एक लिव्हर हलला. दुसरा हलला. तिसरा साबणाच्या पुडीत रुतून बसला होता. नको हलूस, बाबा, नको हलूस, मी मनात म्हणत होतो.

"गंजलंय मेलं." भाऊजीने पाना घेतला आणि मला दोन सणसणीत टोले हाणले.

"अहो भाऊजी," हौदातून आवाज आला, "काय ठोकताय? डोकं उठलं माझं. त्यापेक्षा कोमट पाणी द्या थोडं, तळ सुटत नाहीये."

पाना खाली पडला. भाऊजी खांबाला टेकला आणि तसाच घसरत फरशीवर बसला. ओल्या फरशीने त्याची पँट भिजली, त्याला कळलंसुद्धा नाही.

"गेलात का?" वहिनींनी विचारलं.

"इथंच आहे." त्याने वर खटक्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, वर या."

"अजून व्हायचंय की."

"राहू दे. तुम्ही आधी वर या."

त्या वर आल्या आणि शिडीशी चपला शोधू लागल्या. मग त्यांनी माझ्यात अडकलेली किल्ली बघितली, फरशीवर बसलेला दीर बघितला, आणि त्याही शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. कुणी कुणाला रागावलं नाही. मावशी तेवढ्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या, "भिजतील म्हणून ठेवल्या हो मी."

मला शाबासकी देऊ नका मित्रांनो. मी काही पराक्रम केला नाही. माझी हेळसांड झाली होती म्हणून मी अडलो. त्या आठवड्यात कुणी मला दोन थेंब तेल दिलं असतं, तर मी गुमान उघडलो असतो. हा विचार आला की आजही माझ्या पितळेला घाम फुटतो.

भाऊजीने त्याच दुपारी खिळा उपटला. मला धुतलं, तेल पाजलं. आता मी इतका अलगद उघडतो की माझी मलाच जास्त भीती वाटते. पण किल्ली परत वहिनींच्या गळ्यात आहे.

परवा त्या पुन्हा मला न उघडताच घरी गेल्या. सकाळी मिक्सर बंद. साहेब आले.

"फोन कर की त्यांना."

"केला. घरीच आहेत."

"मग तोड ते कुलूप."

"नाही साहेब. त्या किल्ली घेऊन निघाल्यात." भाऊजी माझ्यासमोर स्टूल टाकून बसला होता, हाताची घडी घालून. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, खांबावर खिळ्याचं भोक होतं तिकडे बघितलं आणि निघून गेले. तासाभराने वहिनी धापा टाकत आल्या आणि त्यांनी आपल्या हाताने मला उघडलं.

मित्रांनो, तुमच्या घरातलंही कुणीतरी कामाला जात असेल. आज संध्याकाळी ते आले की पाणी द्या आणि विचारा, "तुमच्या यंत्राची किल्ली कुणाकडे असते?" खिळ्याला असते, असं उत्तर आलं, तर त्यांना सांगा, एक जुनं कुलूप तुमच्यासाठी फार घाबरलंय.