होडीतून उतरताना

दाताचा डॉक्टर हात धुऊन घरी निघाला होता, तेवढ्यात बेकरीवाला दवाखान्यात शिरला. त्याला पाहताच डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घटस्फोट झाल्यावर बायकोनं ज्याच्याशी लग्न केलं तो हाच माणूस, आणि वर हसत आला होता! बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो सरळ पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसला.

"तळ्याकाठच्या उद्यानात तंबू ठोकून राहायचा बेत आहे," तो म्हणाला. "तुम्ही टिल्लीला दरवर्षी न्यायचात म्हणे. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

टिल्ली म्हणजे डॉक्टरची लेक. याच्या तोंडून तिचं लाडाचं नाव ऐकल्यावर डॉक्टरला वाटलं, याची अक्कलदाढ आत्ता उपटावी, भूल न देता.

"काय काय नेतोयस?"

"पाव, टोस्ट, बिस्किटं, दोन केक..."

"आणि अंथरायला?"

बेकरीवाल्याचा चेहरा पडला.

"दुकान लावायला चाललायस का तिथं? तंबूखाली जाड प्लास्टिक घाल, नाहीतर पहाटे ओल वर येते." एवढं बोलून डॉक्टरनं जीभ चावली. याला शिकवतोय कशाला आपण? फजिती होऊ दे की मेल्याची!

कोर्टानं दर रविवारी लेकीला भेटायची सोय करून दिली होती. पण तिला आणायचं म्हणजे याच्या बेकरीच्या दारात उभं राहायचं. डॉक्टर मोठा मानी. दोन वर्षं झाली, तो फिरकलाच नाही, नुसता फोनवर बोलायचा. त्या दोघांना चांगली अद्दल घडवतोय, असं त्याला वाटत होतं.

"खरं सांगू?" बेकरीवाला म्हणाला. "ती माझ्याबरोबर होडीत बसायला तयार नाही. म्हणते, बाबांना विचारून ये, मगच बसेन."

डॉक्टरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता नुसतं गप्प बसलं की झालं! पण लगेच त्याला टिल्ली दिसली, काठावर एकटीच, हिरमुसलेली. मग त्याचा राग दुप्पट झाला, कारण आता बोलणं भाग होतं.

"बसायला नाही घाबरत ती," तो खेकसला. "उतरायला घाबरते. आधी तू उतर. हात पुढे कर, पण तिला धरू नकोस. ओढलंस की बिथरते. ती आपणहून धरेल."

"असा?" बेकरीवाल्यानं उभं राहून हात पुढे केला.

"एवढा वर? लोंबकळायचंय का तिला?" डॉक्टरनं त्याचं मनगट धरलं आणि हात पार कमरेखाली आणला. "इथं. एवढीशी तर आहे पोर."

बेकरीवाल्यानं हात तिथंच राहू दिला. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, ती आता माझ्या खांद्याला लागते."

"मग घे ना वर हात!" डॉक्टर ओरडला, आणि त्याचं मनगट न सोडताच रडायला लागला.